स्नॅच शिकताना दुखतं ते काय

बेंगळुरूतल्या व्हाइटफील्डमध्ये वेटलिफ्टिंगचे स्नॅच आणि क्लीन अँड जर्क हे प्रकार शिकायला येणारा माणूस बहुधा तिशी ओलांडलेला असतो. दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत, वर आयटीपीएल रोडवरच्या ट्रॅफिकचा तास-दीड तास. शाळेत कधीतरी कबड्डी खेळलेला. पुढे नोकरी, लग्न, फ्लॅटचे हप्ते यांत शरीराकडे बघायला सवड न मिळालेला. क्रॉसफिटच्या वर्गातून किंवा फोनवरच्या एखाद्या व्हिडिओमुळे तो या खेळाकडे येतो, दोन महिन्यांत त्याच्या नादी लागतो आणि तिसऱ्या महिन्यात कंबर धरून बसतो. मग सल्ले सुरू होतात. कोच म्हणतो, तुझं टेक्निक चुकतंय. हाडांचे डॉक्टर म्हणतात, हे सगळं बंद करा. फिजिओ म्हणते, बंद नको, कमी करा. आणि कोल्हापूरहून आई फोनवर म्हणते, "कुणी सांगितलं हुतं रं नसते उद्योग करायला?"

चौघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण सगळ्यात आधी विचारायला हवा तो प्रश्न बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी येतो: गेल्या तीन आठवड्यांत वजन किती वाढवलंस आणि किती दिवस जास्त आलास? दुखणं आणि टेक्निक या एकाच नाण्याच्या दोन बाजू नव्हेत. त्यांचा संबंध आहे, पण जिममध्ये समजतात तितका सरळ नाही, आणि त्या दोघांच्या मध्ये घाई उभी असते. उपलब्ध अभ्यास, खेळाडूंचे जाहीर अनुभव आणि इथल्या जिममध्ये रोज दिसणारं चित्र एकत्र ठेवलं, तर माझा निष्कर्ष असाच निघतो.

आधी भीतीचं बघू. या खेळाची बदनामी तीन-चार व्हिडिओंनी केली आहे. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये हंगेरीच्या यानोश बारान्याईचं कोपर 148 किलोच्या स्नॅचखाली निखळलं. 2012 ला लंडनमध्ये कोरियाच्या सा जे-ह्योकचं तसंच झालं, आणि त्याच स्पर्धेत जर्मनीच्या मथियास श्टायनरच्या मानेवर 196 किलोचा बार आदळला. ही दृश्यं एकदा पाहिली की डोक्यातून जात नाहीत. आकडे मात्र वेगळं सांगतात. अमेरिकेच्या ऑलिंपिक प्रशिक्षण केंद्रातल्या सहा वर्षांच्या नोंदींवरचा कॅल्हून आणि फ्राय यांचा अभ्यास 1999 मध्ये आला. त्यात सरावाच्या दर 1000 तासांमागे 3.3 दुखापती निघाल्या. कंबर, गुडघे आणि खांदे मिळून त्यांतल्या 64.6 टक्के, आणि बहुतेकींचं स्वरूप स्नायू ताणले जाणं किंवा टेंडन सुजणं असं. दहातल्या नऊ दुखापतींमध्ये एका दिवसापेक्षाही कमी विश्रांती सांगितली गेली होती. 2017 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून घेतलेल्या आढाव्यातही हा दर 1000 तासांना 2.4 ते 3.3 एवढाच होता. आठवड्याला चार तास उचलणाऱ्या माणसाचे 1000 तास भरायला पाच वर्षं लागतात. म्हणजे पाच वर्षांत दोन-तीन दुखापती. गल्लीतल्या फुटबॉलमध्ये याहून जास्त होतात.

यात एक मेख आहे. हे आकडे लहानपणापासून शिकलेल्या, रोज कोचच्या नजरेखाली असलेल्या खेळाडूंचे आहेत. कुरुंदवाडचं उदाहरण घ्या. कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातलं, कर्नाटकच्या सीमेला खेटलेलं हे छोटं गाव. 2014 च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत गणेश माळी, ओंकार ओतारी आणि चंद्रकांत माळी या तिघा कुरुंदवाडकरांनी कांस्यपदकं आणली. सांगलीची दिग्विजय व्यायामशाळा, मनमाडची जय भवानी व्यायामशाळा याही त्याच जातीच्या. अशा ठिकाणी मूल शाळकरी वयात येतं, मोठ्यांचं उचलणं बघत बसतं, काठी घेऊन तीच हालचाल शेकडो वेळा करतं, आणि वजन वाढतं ते त्याच्या हाडामासाबरोबर. व्हाइटफील्डच्या माणसाला तोच अभ्यासक्रम बारा आठवड्यांच्या पॅकेजमध्ये हवा असतो. उशिरा सुरुवात केली म्हणून काही बिघडत नाही. कुंदापूरजवळचा गुरुराज पुजारी कॉलेजात गेल्यावर या खेळात आला आणि 2018 मध्ये गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेतून रौप्यपदक घेऊन आला. पण अठराव्या वर्षी वसतिगृहात राहून उचलणं आणि चौतिसाव्या वर्षी स्प्रिंट रिव्ह्यू संपवून उचलणं यांत फरक आहे. स्नायू दोन-अडीच महिन्यांत बऱ्यापैकी दणकट होतात. टेंडनला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. ताकद आली असं वाटतं तेव्हा गुडघ्याची वाटी आणि कोपर अजून मागेच रेंगाळत असतात.

कंबरेबद्दल जरा विस्ताराने बोलायला हवं, कारण सगळ्यात जास्त घबराट तिथेच होते. उसण भरली, दोन दिवस वाकता आलं नाही, की इथला माणूस कंपनीच्या इन्शुरन्सवर थेट एमआरआय काढतो. रिपोर्टात "डिस्क बल्ज" लिहून येतं, नातेवाईक त्याचं भाषांतर "मणक्यात गॅप" असं करतात, आणि एक धडधाकट माणूस आयुष्यभरासाठी कंबरेचा पेशंट होतो. 2015 मध्ये ब्रिंजिकजी आणि सहकाऱ्यांनी, ज्यांची पाठ अजिबात दुखत नव्हती अशा तीन हजारांवर लोकांच्या स्कॅनचा आढावा घेतला. तिशीतल्या 52 टक्के लोकांच्या चकत्यांची झीज दिसत होती, 40 टक्क्यांच्या चकत्या फुगलेल्या होत्या. दुखणं मात्र शून्य. म्हणजे तुमच्या रिपोर्टातला बल्ज हाच तुमच्या दुखण्याचं कारण आहे, असं त्या एका कागदावरून ठरत नाही.

मग पाठीचा कणा सरळ ठेवा, हा कोचचा जुना हेका खोटा का? 2020 च्या एका आढाव्यात वाकलेल्या कंबरेने वजन उचलणं आणि कंबरदुखी यांचा संबंध सापडला नाही. पण तो पुरावा मुख्यतः हलक्या वजनांचा आणि तसा कच्चाच आहे, आणि त्यावरून वाकड्या पाठीने 100 किलोचा क्लीन ओढायचा परवाना कुणी काढू नये. माझं मत असं, की घट्ट पाठ हवी ती आधी वजन उचललं जावं म्हणून. पाठ सैल पडली की बार शरीरापासून दूर जातो आणि दूर गेलेला बार वर येत नाही. दुखण्याची धमकी न देताही हे शिकवता येतं. उलट "असं केलंस तर डिस्क जाईल" हे रोज ऐकणारा माणूस घाबरून इतका आखडतो, की त्याचं टेक्निक आणखी बिघडतं.

व्हाइटफील्डजवळच्या हूडीतल्या एका जिममध्ये पाहिलेली गोष्ट सांगतो. साठ किलोचा क्लीन. माणसाने बार पकडला, श्वास घेतला आणि हिसका दिला. बार जमिनीवरून सुटायच्या आधीच नितंब वर गेले, गुडघे जवळजवळ सरळ झाले, आणि पुढचं सगळं काम कंबरेवर आलं. बार गुडघ्यांना वळसा घालून पुढे झोके खात गेला, त्याला गाठायला हा पंजांवर उडी मारून पुढे गेला आणि कसाबसा अडवला. कोचने एका दमात पाच सूचना दिल्या: छाती वर, कोपर बाहेर, टाचा खाली, लवकर वाकवू नकोस, वेगाने खाली जा. पुढचा प्रयत्न आणखी वाईट झाला, होणारच होता. मग शेजारच्या एका वयस्क बाईंनी, ज्या स्वतः पन्नाशीत उचलायला लागल्या होत्या, त्याला वजन चाळीसवर आणायला सांगितलं, गुडघ्यापाशी दोन सेकंद थांबायला लावलं आणि एकच गोष्ट सांगितली: बार टी-शर्टला घासत वर आला पाहिजे. तीन-चार प्रयत्नांत झोका निम्मा झाला. शरीराच्या अवयवांपेक्षा बाहेरच्या वस्तूकडे लक्ष दिल्यास हालचाल लवकर बसते, हे गॅब्रिएले वुल्फ या संशोधिकेने आणि तिच्यानंतर अनेकांनी प्रयोगांतून दाखवलं आहे. त्या बाईंनी ते वाचलं असेल असं वाटत नाही.

हिसक्यावरचा उपाय सगळ्या पद्धतींमध्ये जवळपास सारखाच आहे: आधी ताण घ्या, मग उचला. शिकवायचं वरून खाली की खालून वर, यावर मात्र मतभेद आहेत. काही जुने कोच पहिल्या दिवसापासून जमिनीवरूनच ओढायला लावतात. मोठ्या माणसांसाठी मला वरून खाली येणं पटतं: आधी मांडीपासून, मग गुडघ्यापासून, आणि जमीन अगदी शेवटी. ज्याला धड उकिडवं बसता येत नाही, त्याला पहिल्याच आठवड्यात जमिनीवरून स्नॅच करायला लावणं म्हणजे कंबरेला आमंत्रण आहे. ज्यांचं लहानपण जमिनीवर मांडी घालून जेवण्यात आणि देशी संडासात गेलं, त्यांचे घोटे अजून वाकतात. ज्यांचं गेलं नाही, त्यांना टाच उंच असलेले कडक तळाचे बूट घ्यावेच लागतात. धावायच्या मऊ बुटांत स्क्वॅट करणाऱ्याचं टेक्निक सुधारत बसण्यापेक्षा आधी त्याचे बूट काढून घ्यावेत.

साधनांचा विषय निघालाच आहे. स्पर्धेची मोठी प्लेट 45 सेंटिमीटर व्यासाची असते, म्हणून बार जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर राहतो, आणि संपूर्ण तंत्र त्या उंचीवर बेतलेलं आहे. सोसायटीच्या जिममध्ये लहान लोखंडी प्लेटा असतात. बार तेवढा खाली येतो आणि नवशिका जास्त वाकतो; मग त्याला सांगतात, तुझी पाठ वाकते. खाली दोन ठोकळे किंवा चार जाड प्लेटा ठेवल्या तर अर्धं टेक्निक आपोआप सुधारतं. बायकांचा बार 15 किलोचा आणि 25 मिलिमीटर जाडीचा, पुरुषांचा 20 किलोचा आणि 28 मिलिमीटरचा. बहुतेक जिममध्ये एकच, पुरुषांचा. लहान तळहाताच्या मुलीला त्यावर अंगठा बोटांखाली अडकवून हुक ग्रिप घेता येत नाही, मग पकड सुटू नये म्हणून ती हात आवळते, कोपरं लवकर वाकतात आणि दुखतात. त्यातून जिम तिसऱ्या मजल्यावर, खाली दंतवैद्याचा दवाखाना, त्यामुळे बार टाकायची मनाई. डोक्यावर गेलेलं वजन हळूच खाली आणायला लागणं हा या खेळातला भाग नाहीच. खांद्यांची आणि कंबरेची निम्मी कुरकुर तिथूनच येते. फी भरण्याआधी लाकडी-रबरी प्लॅटफॉर्म आहे का आणि बार टाकू देतात का, हे बघून घ्यावं. दरवाजावरच्या फोटोंमधली पदकं नंतर बघितली तरी चालतील.

मनगटाचं दुखणं नवशिक्यांमध्ये फार, आणि बरंचसं गैरसमजातून येतं. क्लीनमध्ये बार हातात धरायचा नसतो, तो खांद्यांच्या पुढच्या उंचवट्यावर, हासळीच्या मागेपुढे ठेवायचा असतो. बोटं फक्त त्याला पळू देत नाहीत. दोन बोटं बारखाली राहिली तरी पुरे. पण आयुष्यभर कीबोर्डवर हात ठेवून बसलेल्याचे खांदे आणि दंडाची मागची बाजू इतकी आखडलेली असते, की कोपर वर जात नाही आणि सगळा भार मागे मोडलेल्या मनगटावर येतो. असा माणूस मनगटाला पट्टा बांधतो, मलम चोळतो, मनगटाचे व्यायाम करतो. सैल करायचे असतात ते दंड आणि पाठीचे बाजूचे स्नायू, आणि पकड थोडी रुंद करायची असते.

गुडघ्यांबद्दल फार बोलायची गरज नाही. "गुडघा पायाच्या बोटांपुढे जाऊ देऊ नका" ही सूचना तेवढी टाकून द्यावी. 2003 मध्ये फ्राय आणि सहकाऱ्यांनी फळी आडवी लावून गुडघे अडवले, तेव्हा गुडघ्यावरचं घूर्णबल (टॉर्क) 150 वरून 117 न्यूटन-मीटरवर आलं खरं, पण खुब्यावरचं 28 वरून 303 वर गेलं. भार नाहीसा होत नाही, जागा बदलतो. बुटकी माणसं, लांब मांड्यांची माणसं, सगळ्यांचे गुडघे पुढे जाणारच. वाटीखाली दुखायला लागलं तर आठवड्यातल्या बैठका आणि उड्या मोजाव्यात. घड्याळ लावून तीस-तीस स्नॅच मारण्याचे जे वर्ग असतात ते आधी थांबवावेत. दमलेल्या शरीराने घाईत केलेला स्नॅच ना धड व्यायाम असतो ना धड सराव.

कोपराची गोष्ट वेगळी, कारण तिथे चूक एका क्षणाची असते. 30 जुलै 2022, बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धा, 55 किलो गट. सांगलीच्या संकेत सरगरने स्नॅचमध्ये 113 किलो उचलून मोठी आघाडी घेतली होती. क्लीन अँड जर्कचे 135 झाले. 139 च्या दुसऱ्या प्रयत्नात उजव्या कोपराला दुखापत झाली, आणि तरीही तो तिसऱ्या प्रयत्नाला उभा राहिला. वजन गेलं नाही. एकूण 248. मलेशियाचा अनिक कासदान शेवटी 142 उचलून 249 वर गेला, आणि एका किलोने सुवर्ण हुकलं. संकेतने पदक घेतलं तेव्हा हात झोळीत होता. ही घटना आपल्याकडे जिद्दीची गोष्ट म्हणून सांगतात, आणि राष्ट्रकुलच्या अंतिम फेरीत ती तशी आहेही. इथल्या कुंदलहळ्ळीच्या जिममध्ये मंगळवारी संध्याकाळी तिसरा प्रयत्न करणारा मात्र संकेत नसतो. त्याने शिकायचं ते बार सोडून द्यायला. स्नॅच चुकला तर पुढे ढकलून मागे सरकायचं किंवा मागे टाकून पुढे उडी मारायची. हे रिकाम्या बारवर, सुरुवातीलाच, वेगळा धडा म्हणून शिकवलं पाहिजे. ज्याला वजन टाकता येत नाही तो ते वाचवायला जातो, आणि वाचवताना कोपर जातं. बाकी अंगठा ठणकणं, नडगी सोलवटणं, तळहाताला घट्टे पडणं, बार ओटीपोटाखालच्या हाडावर आपटणं हे सगळं या खेळाचं प्रवेशशुल्क समजावं. शेवटचं मात्र बार नीट जवळ आणला की बंद होतं.

टेक्निक आणि दुखणं यांचा गुंता जाहीरपणे सुटताना पाहायचा असेल तर मीराबाई चानूची कारकीर्द बघावी. 2016 ला रिओ ऑलिंपिकमध्ये सहा प्रयत्नांत तिचा एकच यशस्वी झाला. पुढच्या वर्षी ती जागतिक विजेती झाली. 2018 मध्ये कंबरेच्या दुखापतीने जकार्ताची एशियाड हुकली. तिचा स्नॅच अडलेला होता, आणि खांदे-पाठीतला असमतोल त्यामागे होता. 2020 च्या अखेरीस ती अमेरिकेत सेंट लुईसला फिजिओथेरपिस्ट आरोन हॉर्शिग यांच्याकडे गेली. तिथे हलक्या व्यायामांवर, दोन्ही बाजू सारख्या करण्यावर वेळ गेला. एप्रिल 2021 मध्ये ताश्कंदला तिने क्लीन अँड जर्कचा 119 किलोचा जागतिक विक्रम केला आणि 24 जुलैला टोकियोत 202 किलोंसह रौप्यपदक घेतलं. पण म्हणून दुखणं संपलं नाही. 2022 ची जागतिक स्पर्धा ती दुखऱ्या मनगटाने खेळली आणि रौप्य आणलं. 2023 ला हांगझौच्या एशियाडमध्ये खुब्याने दगा दिला. म्हणजे जगातल्या उत्तम टेक्निकवाल्या खेळाडूलाही दुखतं. "टेक्निक सुधार, दुखणं जाईल" हे आश्वासन म्हणून कुणी देत असेल तर मीराबाईचं उदाहरण त्याच्यापुढे ठेवावं.

उपचारांकडे वळू. बर्फ की शेक, यावर वेळ घालवू नये. जे बरं वाटेल ते करावं. गोळ्यांचं मात्र जपून. दुखलं की मेडिकलमधून पेनकिलर घ्यायची आणि संध्याकाळी त्याच वजनाला हात घालायचा ही सवय मी सर्रास पाहतो. दुखणं कमी होतं, त्यामुळे थांबायची खूणही जाते. बेंगळुरूत ठिकठिकाणी पुत्तूर कट्टुच्या पाट्या दिसतात. हाडवैद्यांची ही आंध्रातली परंपरा आहे आणि तिच्यावर लोकांचा विश्वासही मोठा आहे. निखळलेलं किंवा सुजलेलं कोपर घेऊन मात्र आधी एक्स-रेची सोय असलेल्या ठिकाणी जावं. पायात ताकद कमी होणं, जांघेत बधिरपणा, लघवीवरचा ताबा जाणं, ही लक्षणं असतील तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावं. तिथे फिजिओचाही सल्ला चालणार नाही.

बाकीच्या, म्हणजे बहुसंख्य दुखण्यांसाठी क्रीडा-फिजिओ वापरतात तो नियम साधा आहे. शून्य ते दहाच्या पट्टीवर व्यायाम करताना दुखणं पाचच्या आत असावं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते मूळ पातळीवर आलेलं असावं. आलं, तर तेवढंच वजन पुन्हा. नाही आलं, तर कमी. संपूर्ण विश्रांती दोन-तीन दिवसांपलीकडे क्वचितच लागते. जमिनीवरून दुखतं तर मांडीपासून उचला, डोक्यावर दुखतं तर नुसतं ओढा, स्क्वॅट दुखतो तर ठोकळ्यावर बसून उठा. परत येताना जिथे थांबलात तिथून नाही, त्याच्या निम्म्यावरून. मोबाईलवर चित्रण करायचंच असेल तर खुब्याच्या उंचीवरून, अगदी बाजूने करा. पुढून घेतलेल्या व्हिडिओत बारचा मार्ग दिसत नाही, फक्त चेहरा दिसतो.

कोचचा प्रश्न उरतो. शहराच्या पूर्वेला चकचकीत जिम खूप आहेत, वेटलिफ्टिंग शिकलेले कोच कमी. कडुगोडीच्या स्टेशनवर पर्पल लाइनची गाडी पकडली की ती न बदलता ज्ञानभारतीला सोडते, जिथे विद्यापीठाच्या आवारात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं दक्षिण केंद्र आहे. तिथे नोकरदारांसाठी वर्ग मिळतील असं नाही. पण राज्य पातळीवरच्या स्पर्धा बघायला जाता येतं, आणि सराव दालनात उभं राहून तासभर नुसतं बघितलं तरी कळतं, की चांगले लिफ्टर सरावाचा बराचसा वेळ आपल्या कमाल वजनाच्या खूप खाली घालवतात. मास्टर्स गट मोठ्या वयाच्या लिफ्टरांसाठीच असतो. चौतिसाव्या वर्षी कंबर धरून बसलेल्या माणसाला त्यात उतरायची घाई नाही, आणि पुढचं एक वर्ष त्याने गुडघ्यापासून वरच्या स्नॅचवर घालवायला हरकत नाही.